चौथा हिस्सा: एका सल्लागाराची जडणघडण आणि एका काजू कारखान्याचा निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिचोली आणि सत्तरी या गोव्यातल्या दोन तालुक्यांतले. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही आणि आकडे थोडे फिरवले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण तेच ठेवले आहे. कारखान्याचे हिशेब माझ्याकडे असतात, त्यामुळे बहुतेक बैठकींना मी हजर होतो. सल्लागारांना मी त्याच्याही आधीपासून ओळखतो.

सल्लागार खाणपट्ट्यातले. वडिलांची थोडी शेती होती. तिच्यात खाणीचा गाळ शिरायला लागला तसे घरात दोन टिपर आले. खाणीवर खनिज भरायचे, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचे आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा वर जायचे. जेटीवरून पुढे बार्ज मुरगाव बंदराकडे. पैसे फेरीवर, त्यामुळे चालक जेवायलाही थांबत नसत, स्टिअरिंगवरच पाव-भाजी उरकत. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल करून, काही वर्षे पुण्यात नोकरी करून हे गृहस्थ परत आले आणि औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची शेड टाकली. टिपरचे हौदे, कन्व्हेयरचे सांगाडे, चाळण्या. काम भरपूर होते आणि सगळेच्या सगळे खाणीशी बांधलेले होते.

सप्टेंबर 2012 मध्ये, चतुर्थी तोंडावर असताना, राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती एप्रिल 2014 मध्ये उठली, पण वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालूनच. मधल्या काळात घरचे दोन्ही टिपर अंगणात उभे होते आणि शेडवर तयार हौदे पडून होते, कारण ज्यांनी सांगितले होते त्यांच्याकडे न्यायला पैसे नव्हते. ते लोक लबाड नव्हते. त्यांचेही पैसे वर कुठेतरी अडकले होते आणि वरच्यांचे त्याच्याही वर. सगळी साखळी एकाच खुंटीला टांगलेली होती, हे खुंटी उखडल्यावर दिसले.

तेव्हापासून सल्लागारांनी एक वही सुरू केली. आठवड्याला एक पान, डावीकडे येणारे पैसे, उजवीकडे जाणारे. शेडमध्ये हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टीलची टेबले आणि सिंक बनू लागले, पुढे औषध कारखान्यांची कामे आली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा त्यांच्या शेडवर एकही दिवस काम अडले नाही. लोकांनी ते पाहिले. नात्यातले, गावातले, मग नात्यातल्यांच्या ओळखीचे विचारायला येऊ लागले. सल्लागिरी तिथून सुरू झाली.

त्यांची रीत

एका गिऱ्हाइकावर धंद्याचा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा असा की नफा वर्षाचा बघायचा, पण पैसा आठवड्याचा. नफ्यातला कारखानाही एखाद्या मंगळवारी पगाराला मोताद होऊ शकतो. शेडवर गेल्यावर ऑफिसात बसण्याआधी ते कामगारांपाशी उभे राहतात. आणि यंत्र विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाहीत.

शेवटची गोष्ट सांगायला सोपी, पाळायला महाग. आमच्याकडे सल्ला फुकट मिळतो, चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसल्या बसल्यासुद्धा मिळतो. ‘घरचाच माणूस, फी कसली?’ हा प्रश्न त्यांना अजूनही ऐकावा लागतो. फी मिळत नाही म्हणून बरेच सल्लागार यंत्रवाल्याकडून शेकड्यामागे दोन-तीन रुपये उचलतात आणि मग प्रत्येक अडचणीवर यंत्र हाच उपाय निघतो. आमचे सल्लागार पहिल्याच भेटीत कागदावर फी लिहून देतात. निम्मे लोक तिथूनच परत जातात. माझ्या मते ते बरेच आहे.

प्रश्न काय होता

काजूचा कारखाना वडिलांनी सुरू केलेला, आता दोघे भाऊ चालवतात. थोरले खरेदी आणि कामगार बघतात, धाकटे विक्री. थोरल्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, रस्त्यालगतच्या दुकानाचा गल्ला सांभाळतात. कामाला पस्तीसेक बायका. वर्षाला 120 टन काजूबी फुटते आणि तिच्यातून 30 टनांच्या आसपास गर निघतो, म्हणजे चार किलो बीला एक किलो.

या धंद्याची खरी गोम हंगामात आहे. स्थानिक बी मार्च ते मे एवढ्यातच मिळते. बारा महिन्यांचा माल तीन महिन्यांत रोख मोजून भरावा लागतो आणि उरलेले वर्ष तो हळूहळू फोडून विकायचा. किलोला 120 रुपये धरले तरी पावसाळ्याआधी दीड कोटीच्या आसपास रक्कम गोदामात जाऊन बसते. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे मालावर हवे तेव्हा उचलायचे कर्ज, त्यासाठीच असते आणि जूनमध्ये ती काठोकाठ भरलेली असते.

2023 च्या दिवाळीनंतर एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीने विचारणा केली. गोवा काजूला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि ‘गोवा’ हे नाव असलेला माल त्यांना हवा होता. वर्षाला 30 टन, त्यांच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटात, नायट्रोजन भरून. गर एकसारखा, 240 आणि 320 नंबरचा. हा नंबर म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. आकडा जितका लहान तितका गर मोठा. पैसे माल पोचल्यावर 60 दिवसांनी.

एवढा माल द्यायचा तर 120 टनांचे 200 टन करावे लागणार. स्वयंचलित कटिंग, कलर सॉर्टर (रंगावरून गर निवडणारे यंत्र), पॅकिंग मिळून यंत्रांना 90 लाख, जादा बी भरायला आणखी 95 लाखांच्या घरात. तारण म्हणून वडिलांनी लावलेले माडा-पोफळीचे कुळागर. धाकट्यांनी यंत्रांचे दरपत्रकसुद्धा आणून ठेवले होते. थोरले ‘बघू’ म्हणत होते. त्यांना ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यांचे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.

पहिली बैठक

सल्लागारांना बोलावले ते धाकट्यांनी. बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल तयार करून हवा होता, एवढाच त्यांचा हेतू. यंत्र विक्रेत्याने त्याआधीच सल्लागारांना फोन करून ‘तुमचेही बघतो’ असे सुचवले होते. बैठकीत बसल्याबरोबर त्यांनी तो फोन सांगून टाकला. धाकटे वरमले, थोरले पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले.

मग सल्लागारांनी 2012 सांगितले. अंगणातले टिपर, शेडवरचे हौदे, वही. ते बोलतात चांगले, आणि ही गोष्ट त्यांनी मनापासून सांगितली. शेवटी म्हणाले, ‘एका खांबावर घर उभे करू नका.’

थोरल्यांनी लगेच ते उचलले. ‘ऐकलेस ना? मी हेच सांगतोय.’

धाकट्यांनी फाईल मिटली. ‘बाब, तुमचा अनुभव मोठा, मान्य. पण काजू म्हणजे खाण नव्हे. कोर्ट उद्या काजू खायला बंदी घालणार नाही.’

मला हा मुद्दा त्या दिवशीही बिनतोड वाटला होता आणि आजही वाटतो. सल्लागारांनी अजून कारखान्याचा एकही आकडा पाहिला नव्हता. निष्कर्ष आधी आला, तपास नंतर. भावांमधला जुना वाद होता तो आता अनुभवी माणसाच्या तोंडून एका बाजूने झुकला आणि धाकटे पुढचे दोन आठवडे माझ्याशीही कामापुरतेच बोलत होते.

तपास

आकडे मात्र त्यांनी नीट काढले. साखळीला महिन्याला अडीच टन माल म्हणजे 740 च्या भावाने साडेअठरा लाख. 60 दिवस कागदावर, पण वाहतूक, तपासणी, बिलाची नोंद धरली तर अडीच महिने. म्हणजे कोणत्याही दिवशी 46 लाख बाहेर अडकलेले. त्यात मार्चमध्ये बीची खरेदी सुरू होणार. वहीच्या पद्धतीने आठवड्यांचा तक्ता मांडला तेव्हा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत सगळे रकाने लाल झाले. धाकट्यांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. खाणीच्या गोष्टीने जे झाले नव्हते ते या कागदाने झाले.

दुसरा शोध सोलणीच्या खोलीत लागला, तोही योगायोगाने. सल्लागार नेहमीप्रमाणे कामगारांपाशी उभे होते. सर्वात जुन्या मावशी ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या ट्रेवर बसल्या होत्या. एक गर त्यांनी बोटांत धरला, चाकूचे टोक सालीखाली घातले आणि कट्. दोन पाकळ्या झाल्या. दुसरा तसाच. तिसरा सुटला. सल्लागारांनी विचारले, नेहमी असेच तुटतात का?

‘गरम आहे म्हणून. रात्रभर ठेवला तर जरा नरम पडतो, मग साल काढताना मोडत नाही. पण संध्याकाळपर्यंत वजन भरायचे असते ना.’

मजुरी किलोवर होती, अख्खा असो की तुकडा. मावशींना दोष देण्यात अर्थ नव्हता, पद्धतच तुकडे पाडायला लावत होती. मागे चौकशी करत गेल्यावर कळले की कटिंगलाही तेच होत होते. वाफवलेली बी रात्रभर पसरून थंड करायची, ती घाईच्या दिवसांत दुपारीच कटिंगला जायची. शंभरात 66 गर अख्खे निघत होते. अख्ख्या गराचा आणि तुकड्याचा भावफरक किलोला 200 रुपये धरला आणि अख्खे 76 वर नेता आले, तर 30 टनांवर वर्षाला 6 लाख. एक रुपयाचे यंत्र न घेता.

तिसरी गोष्ट वहिनींकडून आली, आणि उशिरा आली. रस्त्यावरच्या दुकानात सालीसकट भाजलेला काजू पर्यटक सांगू त्या भावाला घेतात, आणि डिसेंबरात तो दुपारीच संपतो, हे त्यांनी चहा देताना सांगितले. तोवर दुकानाची विक्री हिशेबात ‘किरकोळ’ या एकाच ओळीत पडत होती.

समोरचे पर्याय

पूर्ण ऑर्डर घेऊन कर्ज काढणे, हा एक. साफ नकार, हा दुसरा. थोरल्यांना तो मनातून हवा होता, पण साखळीच्या पाकिटावर नाव गेले तर उद्या दुसरे गिऱ्हाईक येईल, हा धाकट्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता.

तिसरा पर्याय जॉब वर्कचा. बी साखळीने घ्यायची, कारखान्याने फक्त फोडून, सोलून, भरून द्यायची आणि किलोमागे मजुरी घ्यायची. हंगामाचा सगळा भांडवली भार समोरच्यावर. कागदावर हा सर्वात सुरक्षित होता. धाकट्यांनी एका वाक्यात उडवला: ‘मग आपण कारखानदार कसले, त्यांचे मजूर.’ थोरल्यांनाही ते लागले. सल्लागारांनी फारसा आग्रह धरला नाही.

चौथा पर्याय म्हणजे थोडा माल द्यायचा, आहे त्याच क्षमतेतून. सगळे शेवटी याच्यावर आले.

काय केले

साखळीला 30 टनांऐवजी 8 टन देऊ केले. कारखान्याच्या 30 टनांत हा हिस्सा चौथ्याच्या जरा वर जातो. सल्लागारांनी तेवढी ढिलाई चालवून घेतली. समोरून होकार येईल अशी धाकट्यांना खात्री नव्हती, पण आला. गोव्याचे नाव त्यांना हवेच होते, उरलेला माल त्यांनी महाराष्ट्रातल्या चंदगड भागातल्या एका कारखान्याकडून दुसऱ्या छापाखाली घेतला.

पैशांच्या मुदतीवर एक कायदेशीर मुद्दा कामी आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. हे 2006 च्या कायद्यात आहेच. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यानेही चाप लावला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा करता येतो. कारखान्याचा उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक प्रत्येक बिलावर छापला आणि करारात 45 दिवस घातले. साखळीच्या खरेदी विभागाने कुरकुर केली, लेखा विभागाने मान्य केले. आमच्याकडचे कितीतरी लघुउद्योजक ही नोंदणी फक्त बँकेसाठी करून ठेवतात आणि बिलावर क्रमांक टाकायला विसरतात.

कर्ज 90 लाखांऐवजी 22 लाखांचे घेतले. नायट्रोजन पॅकिंग, एक नवा ड्रायर, गर थंड करण्यासाठी रॅक, गोदामाची दुरुस्ती. तारण कारखान्याची शेड, कुळागर मोकळे राहिले. सॉर्टिंग बाहेरून मजुरीवर करून घ्यायचे ठरले. सोलणीची मजुरी बदलली: किलोचा दर तोच, अख्ख्या गराला वर थोडी भर. पहिले दोन आठवडे बायकांची दिवसाची कमाई घटली आणि दोघी काम सोडून गेल्या. मग थोरल्यांनी सल्लागारांना न विचारता एका महिन्यासाठी किमान मजुरीची हमी दिली. तो निर्णय अचूक होता.

निकाल

2024 च्या हंगामाअखेर अख्ख्या गराचे प्रमाण 74 वर गेले. 76 झाले नाही, पण कर्जाचे हप्ते त्या फरकातूनच निघाले. साखळीचे पैसे बहुतेक वेळा मुदतीत आले. वहिनींच्या दुकानाचा हिशेब वेगळा ठेवायला लागलो तेव्हा दिसले की किलोमागे सर्वात जास्त सुटतात ते तिथेच, आणि दुसरा गल्ला म्हापशाला उघडला.

2025 च्या मध्यावर साखळीतला खरेदी अधिकारी बदलला आणि उरलेल्या वर्षाची ऑर्डर निम्म्यावर आली. दोनेक टन माल अडकला, तो म्हापसा आणि मडगावच्या घाऊक व्यापाऱ्यांना थोड्या कमी भावाने गेला. पगार थांबला नाही. 200 टनांचा कारखाना उभा केला असता तर त्या महिन्यात काय झाले असते, हे सांगायला तक्त्याची गरज नाही.

इथे थांबलो तर सल्लागार शंभर टक्के बरोबर ठरतात. पण चंदगडच्या कारखान्याची ऑर्डर कापली गेली नाही. साखळीने पुरवठादार कमी करायचे ठरवले तेव्हा आधी लहानांना हात लावला. म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या नियमाने धक्का सोसता आला हे खरे, पण धक्का आला तोही आपण लहान राहिलो म्हणूनच. धाकटे हे उघड बोलून दाखवतात, आणि त्यांचे चुकत नाही. मोठी ऑर्डर घेतली असती तर कदाचित कापलीच गेली नसती. कुळागर तारण ठेवून हा ‘कदाचित’ विकत घ्यायचा का, एवढाच प्रश्न होता.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते खाणीची गोष्ट पहिल्या बैठकीत यायला नको होती. सल्लागाराची जडणघडण हे त्याचे भांडवल असते. त्यांना 46 लाखांचा आकडा इतक्या लवकर दिसला तो 2012 मुळेच. पण तीच गोष्ट तक्त्याच्या आधी सांगितल्याने धाकट्यांना वाटले की निकाल ठरलेलाच आहे. आधी तक्ता आणि मग गोष्ट, असा क्रम असता तर दोन आठवड्यांचा अबोला टळला असता. हे मी त्यांना बोललो. ते म्हणाले, ‘गोष्ट सांगितली नसती तर थोरले बसलेच नसते.’ त्यातही तथ्य आहे. दोघांना वेगवेगळे भेटणे हा मार्ग होता, तो कोणी सुचवला नाही.

जॉब वर्कचा पर्याय फार लवकर सुटला. पहिले वर्ष निम्मा माल मजुरीवर आणि निम्मा स्वतःचा, अशी मांडणी साखळीसमोर ठेवायला हरकत नव्हती. मानाचा प्रश्न आला की आकडे बाजूला पडतात, आणि तिथेच बाहेरच्या माणसाने चिकाटी धरायची असते. त्या जागी सल्लागार नरमले, बहुधा पहिल्या बैठकीत धाकट्यांना दुखावल्याची भरपाई म्हणून.

वहिनींना सुरुवातीपासून टेबलाशी बसवायला हवे होते. कारखान्यातला सर्वात फायदेशीर गल्ला त्यांच्या हातात होता आणि त्या बैठकीत फक्त चहापुरत्या येत होत्या.

आणि तो चौथा हिस्सा. तो आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही, एका माणसाच्या वाईट वर्षातून आलेला आहे. ज्याचा माल वर्षभर टिकतो आणि घाऊक बाजारात कधीही खपतो त्याला तिसरा हिस्साही झेपेल. एका खाणीच्याच मापाचा हौदा बनवणाऱ्याला चौथाही जड. सल्लागार आता नियम सांगताना माल किती दिवसांत दुसऱ्याला विकता येईल हे आधी विचारतात. हा बदल या प्रकरणानंतरचा आहे.

यंदा धाकट्यांनी कलर सॉर्टरचा विषय पुन्हा काढला आहे. मजुरीवरच्या सॉर्टिंगचा वर्षाचा खर्च आणि यंत्राचा हप्ता आता जवळजवळ सारखे येतात. आठवड्यांचा तक्ता या वेळी त्यांनी स्वतः मांडला, वहिनींच्या दोन्ही गल्ल्यांचे रकाने धरून. एप्रिलचे दोन आठवडे त्यात लाल आहेत. थोरले ‘बघू’ म्हणाले आहेत आणि सल्लागारांनी नव्या कामाच्या फीचे पत्र पाठवले आहे.